तरवा मोजून घ्या: इस्तंबूलला जाऊन केसरोपण

तुर्की भाषेत केसरोपणाला 'सच एकिमी' म्हणतात. सच म्हणजे केस, एकिम म्हणजे पेरणी. ऑक्टोबर महिन्याचं तुर्की नावही एकिमच. शब्द गोड आहे, पण नेमका नाही. यात पेरणी नसते, लावणी असते. भाताचा तरवा वाफ्यातून उपटून खाचरात लावतात, तसे डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे. फरक एवढाच की भाताचा तरवा पुढल्या वर्षी पुन्हा टाकता येतो. डोक्यामागचा एकदा काढला की त्या भोकात पुन्हा काही उगवत नाही. इस्तंबूलच्या वारीतला प्रत्येक निर्णय, मग तो पैशाचा असो की तारखेचा, या एका गोष्टीवर तोलून पाहावा.

वारी सुरू होते व्हॉट्सॲपवर. क्लिनिक पाच-सहा फोटो मागतं: समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून, मान खाली घालून, आणि मागून. फोटो खिडकीच्या उजेडात काढावेत, केसांना तेल नको. एक फोटो केस ओले करून काढावा. विरळपणा खरा किती ते त्यात दिसतं. दहा मिनिटांत उत्तर येतं: ४५०० ग्राफ्ट, एकाच दिवसात, पॅकेज इतके युरो. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा एक पुंजका. उत्तर देणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती समन्वयक असते, आणि बरेचदा कमिशनवर काम करते. त्यामुळे तो आकडा घरी बसून तपासायचा.

तपासणं अवघड नाही. स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म डोक्यावर ताणून बसवायची, जिथे केस हवेत त्या भागाची कडा मार्करने आखायची, फिल्म काढून आलेख-कागदावर ठेवायची आणि चौकोन मोजायचे. समजा १२ बाय ६, म्हणजे ७२ चौरस सेंटिमीटर भरले. चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट धरले तर २८८० लागतात. मूळची घनता याच्या साधारण दुप्पट असते, पण निम्मी लावली तरी डोळ्याला डोकं भरलेलं वाटतं. आता मागची बाजू बघा. कानांच्या वरून मागे जाणारा जो पट्टा आयुष्यभर टिकतो, तो १६० चौरस सेंटिमीटर आणि घनता ७५ धरली, तर एकूण १२,००० ग्राफ्ट. एका बैठकीत चारातला एक काढला तर विरळपणा जाणवत नाही, म्हणजे ३०००. मग ४५०० आणणार कुठून? एक तर पट्टा ओरबाडून, नाहीतर पट्ट्याच्या वरून आणि मानेकडून, जिथले केस पुढे स्वतःच गळणार आहेत. 'अनलिमिटेड ग्राफ्ट' ही जाहिरात म्हणूनच विचित्र वाटते. दुकान त्यांचं, पण माल आपल्याच डोक्यातला, आणि अमर्याद म्हणे. बहुतेकांच्या डोक्यात जन्मभराचे मिळून सहा हजारांच्या आसपास काढण्याजोगे ग्राफ्ट असतात. कुणाचे कमी, कुणाचे जास्त.

ग्राफ्ट आणि केस यांतली गल्लत इथेच संपवावी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. ३००० ग्राफ्टमध्ये ६०० एकेरी, १५०० दुहेरी, ८०० तिहेरी आणि १०० चार केसांचे निघाले तर ६४०० केस झाले. काही ठिकाणी केस मोजून त्याला ग्राफ्ट म्हणतात. कुठे दुहेरी ग्राफ्ट फोडून दोन दाखवतात. म्हणून शेवटी एकेरी-दुहेरीची फोड लेखी मिळणार का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारावं.

आणखी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. चिरा कोण देणार, म्हणजे केस बसवायच्या जागा डॉक्टर स्वतः उघडणार की टेक्निशियन. त्या दिवशी त्या डॉक्टरकडे आणखी किती रुग्ण असतील. आणि पंचचा, म्हणजे केस काढायच्या पोकळ नळीचा, व्यास किती. पहिल्या प्रश्नाला 'आमची टीम फार अनुभवी आहे' असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे, नकार आहे. तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाकडून परदेशी रुग्णांसाठी वेगळं अधिकारपत्र मिळतं, त्याची प्रत मागावी. केसरोपण शल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी ११ नोव्हेंबरला बिघडलेल्या रोपणांच्या दुरुस्तीचा दिवस पाळते. त्यामागचं मुख्य कारण हेच, डॉक्टरांशिवाय चालणारी टेबलं. आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगून ठेवलं आहे की हे काम शल्यक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचंच. परदेशी गेलो म्हणून ही कसोटी सैल करायचं कारण नाही.

पैशाचं थोडक्यात. पॅकेज साधारण दोन ते साडेतीन हजार युरोंचं असतं. त्यात दोन-तीन रात्रींचं हॉटेल, विमानतळावरून ने-आण, औषधं, शांपू आणि दुभाषी असतो; विमान आणि व्हिसा नसतो. बाकी रक्कम बऱ्याच ठिकाणी रोख युरोत मागतात. भारतातून एका प्रवासात ३००० डॉलरच्या मोलापर्यंतच परकीय चलनाच्या नोटा नेता येतात, हे लक्षात ठेवून उरलेलं कार्डावर ठेवावं. प्रवास-विमा जरूर काढावा, पण हौसेने केलेली शल्यक्रिया आणि तिच्यातून उद्भवलेली गुंतागुंत बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. म्हणजे बॅग हरवली तर पैसे मिळतील, टाळूची त्वचा काळी पडली तर नाही.

व्हिसा आधी, तारीख नंतर. भारतीय पारपत्रावर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा वा निवास-परवाना असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. नसेल तर रीतसर अर्ज, बँकेचं विवरण, रजेचं पत्र आणि काही आठवड्यांची वाट. मे २०२५ नंतर अनेक भारतीय ट्रॅव्हल कंपन्यांनी तुर्कस्तानची पॅकेजं विकणं थांबवलं, तेव्हा तिकीट आपलं आपण काढायची तयारी ठेवावी. मुंबईहून थेट उड्डाण साडेसहा-सात तासांचं. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत: युरोपच्या बाजूचा मोठा इस्तंबूल विमानतळ आणि आशियाच्या बाजूचा साबिहा गोक्चेन. क्लिनिक शिश्लीत असेल तर पहिला बरा, अताशेहिरला असेल तर दुसरा. उलटं झालं तर बॉस्फोरसची सामुद्रधुनी ओलांडताना वाहतुकीत दोन तास सहज जातात. घड्याळ अडीच तास मागे करायचं.

निघण्यापूर्वीच्या तपासण्या इथेच करून न्याव्यात: रक्तगणना, साखर, रक्त गोठण्याची वेळ, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. तिथेही रक्त घेतात, पण ते शल्यक्रियेच्या दिवशी सकाळी. काही निघालं तर तिकीट, हॉटेल सगळं वाया. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या डॉक्टरला विचारूनच थांबवायची. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन केसांसाठी परस्पर बंद करणं हा वेडेपणा आहे. माशाचं तेल, 'ई' जीवनसत्त्व आणि दारू आठवडाभर आधी बंद. सिगारेट त्याहून आधी सोडावी, कारण ती टाळूच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि नव्याने लावलेल्या मुळांना पहिले काही दिवस तेवढाच आधार असतो. जखमेचा वण फुगून वाढण्याची खोड घराण्यात असेल तर ते डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगावं.

वय पंचविशीच्या आत असेल आणि केस अजून वेगाने जात असतील, तर आमच्या मते जाऊच नये. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी मागचा स्वभाव सोडत नाही, म्हणजे टिकतो. पण त्याच्या शेजारचा मूळचा केस टिकत नाही. पुढे लावलेली रांग जागेवर आणि तिच्यामागे टक्कल सरकत चाललेलं, असं बेट तयार होतं. ते बेट जोडायला पुन्हा मागचाच साठा खर्चावा लागतो. म्हणून केसगळती रोखणाऱ्या फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल या औषधांबद्दल आधी त्वचारोगतज्ज्ञांशी बोलावं, दुष्परिणामांसकट. फिनास्टेराइडमुळे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणाऱ्या पीएसए रक्तचाचणीचा आकडा निम्म्यावर येतो. पन्नाशीच्या पुढच्यांनी हे तपासणाऱ्या डॉक्टरला सांगायलाच हवं.

पोहोचल्याचा दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर नाश्ता करून जायचं. उपाशीपोटी जायचं नसतं, कारण पूर्ण भूल नसते. शर्ट बटणाचा. टी-शर्ट डोक्यावरून काढता येणार नाही, ही गोष्ट संध्याकाळी आठवून उपयोग नाही.

आधी हेअरलाइन आखतात. दिवसातली ही दहा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. बसून आखून घ्यावी, पडून नाही, आणि शामक गोळी घेण्याआधी. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून वर साधारण सात-आठ सेंटिमीटरवर प्रौढ माणसाची रेषा शोभते. तरुणपणचा फोटो दाखवून ती खाली आणायला लावली तर एकेका सेंटिमीटरला चारपाचशे ग्राफ्ट जातात, आणि पन्नाशीतही ती रेषा विशीचीच राहते. कपाळाचे दोन्ही कोपरे थोडे आत गेलेले असू द्यावेत. ते पूर्ण गोल भरले की विग घातल्यासारखं दिसतं. आखलेली रेषा आरशात न बघता मोबाइलवर समोरून फोटो काढून बघावी. आरसा उलटं दाखवतो आणि एका बाजूची चूक नजरेतून सुटते.

मग डोकं भादरतात, सूक्ष्मदर्शकाने मागची घनता बघतात आणि भूल देतात. सगळ्यांत जास्त दुखतं ते इथेच, पहिली दहा-पंधरा मिनिटं. सुई नसलेलं दाबयंत्र वापरून 'वेदनारहित' म्हणतात. वेदना कमी होते, नाहीशी होत नाही. औषध बहुतेकदा लिग्नोकेन आणि ॲड्रेनॅलिनचं मिश्रण. लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या द्रावणात हे ४९ मिलिलिटर झाले. दिवसभरात मागे एकदा, पुढे एकदा, आणि मध्ये उतरली म्हणून पुन्हा, असं करत ही मर्यादा गाठली जाऊ शकते. मोठ्या बैठका दोन दिवसांत विभागाव्यात, यामागे हेही एक कारण आहे. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण, जीभ जड होणं यांतलं काहीही वाटलं तर लगेच सांगायचं. दुभाषी खोलीत नसतो अशी वेळ येते, म्हणून एक तुर्की शब्द पाठ असावा: 'अजुयोर', दुखतंय.

काढणी पालथं झोपवून होते, दोन-तीन तास. पंच म्हणजे टोकाला धार असलेली पोकळ नळी, व्यास ०.८ ते ०.९ मिलिमीटरच्या घरात. केस त्वचेखाली तिरका गेलेला असतो. बाहेरून दिसणाऱ्या कोनावर विसंबून सरळ पंच मारला की मूळ मधोमध कापलं जातं. असा ग्राफ्ट उगवत नाही आणि मागचाही गेलेला असतो. थकलेल्या हाताकडून दुपारनंतर असे ग्राफ्ट वाढतात. पंच मोठा असला तर मागे ठिपक्यांचे वण राहतात, आणि सावळ्या त्वचेवर ते पांढरे ठिपके गोऱ्यापेक्षा जास्त उठून दिसतात. काढलेले ग्राफ्ट थंड द्रावणाच्या ताटलीत, दहा-दहाच्या ओळीत ठेवतात. इथे पुन्हा तरवाच आठवतो: उपटलेली जुडी बांधावर उन्हात पडली की लावणी कितीही नेटकी झाली तरी रोप धरत नाही. ग्राफ्ट कोरडा पडला तर काही मिनिटांत मरतो. ओला आणि थंड असला तरी शरीराबाहेरच्या प्रत्येक तासागणिक साधारण टक्काभर गळती धरतात.

दुपारी जेवण. हॉस्पिटलात तुमच्यासारखेच डोक्यामागे पट्टी बांधलेले चार जण सूप पीत असतात.

त्यानंतर चिरा. पोलादी किंवा नीलमण्याच्या पात्याने दीड-दोन तास हे काम चालतं. नीलमण्याचं पातं जास्त वेळ धार धरतं, एवढाच त्याचा मोठेपणा. जाहिरातीत त्याचं फार कौतुक असतं. खरं कसब दिशेत आणि कोनात. कपाळाच्या कडेला केस जवळजवळ आडवा, पुढे झुकलेला हवा. टाळूच्या भोवऱ्यात तो गोल फिरत जायला हवा. कोन चुकला तर केस उगवतो, पण ब्रशसारखा उभा राहतो आणि भांग पडत नाही. पहिल्या दोन-तीन रांगांत फक्त एकेरी ग्राफ्ट, आणि रांग सरळ नको, थोडी दातेरी. दुसऱ्या पद्धतीत चोई पेन वापरतात. कोरियात तयार झालेल्या या पेनने चीर आणि लावणी एकाच वेळी होते. मूळच्या दाट केसांत भर घालायला ते चांगलं. मोठ्या रिकाम्या भागाला फरक नाही, बिल मात्र वाढतं.

लावणीला तीन-चार तास. दोन टेक्निशियन दोन बाजूंनी चिमट्याने एकेक ग्राफ्ट बसवतात. मुळाचा कंद चिमटला तर मेला. फार खोल गेला तर त्यावर त्वचा मिटून पुळी होते. उथळ राहिला तर दाणा उठून दिसतो. फार दाट लावायच्या मोहात त्वचेचा रक्तपुरवठाच खुंटतो. निळसर-काळा डाग दिसला तर ते खपली असल्याचं सांगून कुणी वेळ काढू देऊ नये. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि मधुमेहींना हा धोका जास्त.

त्या रात्री आणि पुढल्या पाच-सहा रात्री पाठीमागे उशा रचून अर्धवट बसून झोपायचं, मानेला घोड्याच्या नालेची उशी. मिठाच्या पाण्याचा फवारा जागेपणी अर्ध्या-एक तासाने. गाडीत बसताना डोकं दाराच्या चौकटीला लागणार नाही ना, हे बघावं. पहिल्या तीन दिवसांत अशा धक्क्याने ग्राफ्ट निसटू शकतात, विमानातल्या वरच्या कप्प्याचंही तेच.

पहिलं धुणं क्लिनिकमध्ये, एक-दोन दिवसांनी. लोशन लावून अर्धा तास, मग कोमट पाणी, मग फेस थोपटून लावायचा. हे मोबाइलवर चित्रित करून घ्यावं, कारण पुढले दहा दिवस ते आपल्यालाच करायचं आहे. निघताना इंग्रजीत लिहिलेला शल्यक्रियेचा कागद घ्यायचा: ग्राफ्टची फोड, पंचचा व्यास, भुलेची औषधं आणि मात्रा. परतीच्या विमानात पट्ट्या बांधलेली इतकी डोकी असतात की लोकांनी गमतीने 'टर्किश हेअरलाइन्स' हे नावच पाडलं आहे. लोशनची मोठी बाटली चेक-इन सामानात, हातात शंभर मिलिलिटरच्या आतला फवारा. पारपत्र तपासताना टोपी काढावी लागते, म्हणून ती सैल हवी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजतं आणि सूज डोळ्यांवर उतरते, कधी एक डोळा मिटण्याइतकी. भयंकर दिसतं, पण आठवड्यात जाते. बर्फ कपाळावर चालेल, ग्राफ्टवर नाही. ताप, पू किंवा वाढती वेदना मात्र सुजेत धरायची नाही. त्यासाठी गावातला त्वचारोगतज्ज्ञ जाण्याआधीच ठरवून ठेवावा. दुसऱ्याचं काम निस्तरायला सगळेच तयार नसतात.

घरी धुताना शॉवर नको, मगाने पाणी ओतावं. पाणी टँकरचं वा बोअरचं असेल तर उकळून गार करून वापरावं. आठव्या-दहाव्या दिवसापासून बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवत खपल्या सोडवायच्या; चौदाव्या दिवसापर्यंत डोकं स्वच्छ व्हायला हवं. खपलीबरोबर आखूड केस येतो, तेव्हा जीव धसकतो. त्याच्या टोकाला रक्त नसेल तर मूळ आतच आहे. हेल्मेट किमान दोन-तीन आठवडे नको, म्हणजे पुणेकरांनी तेवढे दिवस गाडीच काढू नये. गर्दीच्या लोकलमधले कोपरही वाईट. पोहणं महिनाभर बंद, गुलाल आणि होळीचे रंगही. घामाचा विचार केला तर आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. जवळजवळ सगळे. शेजारचे मूळचेही काही गळतात, आणि मागची बाजू उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. फसवलं असं वाटून क्लिनिकला रात्री दोन वाजता संदेश जातात ते याच काळात. मूळ आतच राहतं, गळते ती फक्त केसाची काडी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वळणदार काड्या फुटू लागतात, सोबत पुळ्याही येतात. सहाव्या महिन्यात अर्धंअधिक दिसतं, बाराव्यात पुढचा भाग पूर्ण. भोवरा दीड वर्षापर्यंत घेतो. त्याआधी दुसरी बैठक सुचवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढावेत. दुरुस्तीचा वाद झालाच तर ते फोटो आणि तो इंग्रजी कागद एवढाच पुरावा असतो.

न्हाव्याकडे पुढचा भाग तीन-चार आठवड्यांनी कात्रीने कापून घेता येतो. मशीन तिथे काही महिने नको. मागे मशीन लवकर चालतं, पण नंबर सांगावा लागतो. तीन नंबरपर्यंत आखूड केले तरी ठिपके झाकले जातात. झिरो मारला की किती काढले ते खुर्चीमागे उभ्या असलेल्या कुणालाही मोजता येतं.